आमची अंधारी खोली

माणसास एखादा तरी छंद असावा, म्हणजे मनास विरंगुळा मिळतो, असें म्हणतात. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. आम्हांस जो छंद जडला आहे त्यानें विरंगुळा जितका दिला तितकीच एक टोचणीहि दिली. आणि आज हिशेब करूं जातां त्या टोचणीचेंच देणें अधिक वाटतें. हा छंद म्हणजे फिल्मवर फोटो काढण्याचा, आणि ते आपल्याच घरीं, आपल्याच हातानें धुवून कागदावर उतरविण्याचा. ज्या काळीं प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल व त्या मोबाईलांतच कॅमेरा आहे, त्या काळीं असला उद्योग करणारा मनुष्य शेजाऱ्यांच्या थट्टेचा विषय न होईल तरच नवल. त्यांतून आम्ही राहतों जिंतुरास, आणि हा उद्योग करतों वैशाखांत. फिल्म धुण्याचें काम किती थंड पाण्यांत करावें लागतें हें ज्यांस ठाऊक आहे, ते आमची थट्टाहि करीत नाहींत. ते आमच्याकडे काळजीनें पाहतात.

उन्हाळाच कां, असें वाचक विचारतील. उत्तर सोपें आहे. आमचा धंदा मास्तरकीचा. सलग मोकळा वेळ मिळतो तो उन्हाळ्याच्या सुटींतच. शिवाय उन्हाळ्यांत या मुलखाला स्वतःचें असें एक रूप असतें, आणि तें आमच्या डोळ्यांस हळूहळू दिसूं लागलें. पावसाळ्यांत सर्वच प्रदेश सुंदर दिसतात. हिरव्या रंगाखालीं जमिनीचा मूळ आकार झांकून जातो. चैत्र संपला कीं परभणी जिल्ह्यांतील ही काळी जमीन उघडी पडते. नांगरटीचीं ढेंकळें, रुंद भेगा, बांधावरची एकटी बाभळ आणि पहाटेच्या कोरड्या हवेंत दूर दिसणाऱ्या टेकड्यांच्या उतरत्या रेषा, हें सर्व जसेंच्या तसें समोर उभें राहतें. काळ्यापांढऱ्या फिल्मला रंगाचें सोयरसुतक नसतें. तिला आकार हवा, उजेड हवा आणि सांवली हवी. आकार व उजेड यांची आमच्याकडे उन्हाळ्यांत टंचाई नाहीं. सांवली मात्र पहाटे उठून गांठावी लागते.

आमच्या हातीं आलेला पहिला कॅमेरा आमच्या काकांचा. बडोद्यास तयार झालेला ‘ॲग्फा क्लिक-थ्री’ नांवाचा हा साधा डबा एके काळीं कित्येक मध्यमवर्गीय घरांतील लग्नामुंजींचा साक्षीदार होता. त्यांत रोल घातला कीं बारा चौरस फोटो निघतात. तेरावा निघत नाहीं. काका उटीच्या ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’चा ‘इंदू’ रोल वापरीत. १९६० सालीं स्थापन झालेला तो सरकारी कारखाना आतां बंद पडला आहे, आणि आम्ही मुंबईहून परदेशी रोल मागवितों. पण तें नांव आम्हांस अजून आवडतें. इंदु म्हणजे चंद्र. फिल्मवरचें चित्र चांदीच्या कणांचें बनलेलें असतें, आणि चांदी व चंद्र यांचें नातें जुन्या किमयागारांनीं मानलेलेंच होतें. तेव्हां ज्याला हें नांव सुचलें तो रसिक असला पाहिजे. भर उन्हांत फिरतांना खिशांत चंद्राची गुंडाळी बाळगावी, ही कल्पना काकांना सुचली होती कीं नाहीं, तें विचारायचें राहून गेलें.

बारा फोटोंचा बंद असला कीं मनुष्य आपोआप विचारी होतो. येलदरीस पूर्णा नदीवर १९६८ सालीं पुरें झालेलें धरण आहे. उन्हाळ्यांत तेथलें पाणी उतरतें, आणि कांठावर चिखलाच्या पट्ट्या एकाखालीं एक अशा उघड्या पडतात कीं गेल्या कित्येक महिन्यांचा उतार त्यांवर वाचावा. आम्ही प्रथम गेलों तेव्हां भिंतीचे, पाण्याचे, होड्यांचे असे बाराहि फोटो अर्ध्या तासांत संपविले; आणि मग परत निघालेला एक कोळी खांद्यावर ओलें जाळें टाकून त्या पट्ट्यांवरून चढत आमच्याच दिशेनें आला. कॅमेरा रिकामा होता. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक सहलींत शेवटचे दोन फोटो राखून ठेवूं लागलों.

गांवाजवळच नेमगिरीच्या टेकडीवर जैन लेणीं आहेत. तेथें आम्ही कॅमेरा पिशवींतच ठेवतों. पूजेंतील मूर्तींपुढें फोटोचा आग्रह बरा नव्हे. परंतु फोटोग्राफीसंबंधीं जें पहिलें खरें ज्ञान आम्हांस झालें तें तेथें झालें. बाहेरच्या रखरखींतून वांकून त्या ठेंगण्या दारांतून आंत गेलें कीं प्रथम कांहींच दिसत नाहीं. हाताला गार दगड लागतो, इतकेंच. थोडा वेळ उभें राहिलें म्हणजे काळोखांतून एक खांदा, मग एक गुडघा, मग शांत मुद्रा, अशी मूर्ति क्रमाक्रमानें वर येते. आणि लहानशा दगडाच्या आधारावर तोललेली पार्श्वनाथांची ती प्रचंड मूर्ति पुरी दिसेपर्यंत आपण श्वास रोधून उभे असतों. जो लगेच माघारी फिरतो, तो आंत कांहीं नाहीं असें म्हणतो. आमच्या घरच्या अंधाऱ्या खोलींत कागदावर चित्र उमटतांना पाहिलें तेव्हां आम्हांस प्रथम नेमगिरीचीच आठवण झाली.

आतां त्या टोचणीकडे वळूं.

जिंतुराहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चारठाणा नांवाचें गांव आहे. यादवकालीन देवळें, पायऱ्यापायऱ्यांची बारव आणि एक उंच कोरीव स्तंभ, असें वैभव अंगाखांद्यावर वागवीत तें गांव अगदीं साधेपणानें नांदत असतें. काळ्या दगडाचा फोटो काढणें कठीण. दुपारच्या उन्हांत त्यावरचें कोरीव काम सपाट होऊन जातें. सकाळीं सूर्य तिरपा असतांनाच एकेका नक्षीला स्वतःची सांवली मिळते आणि दगड बोलूं लागतो. म्हणून कांहीं वर्षांपूर्वींच्या एका वैशाखांत आम्ही एस्. टी.च्या पहिल्या गाडीनें तेथें पोंचलों. नऊ वाजेपर्यंत दहा फोटो झाले. दोन नियमाप्रमाणें राखले होते.

स्तंभाजवळ एक म्हातारे शेतकरी बसले होते. डोईला पांढरा पटका, अंगांत बंडी, हातांत काठी. त्यांच्याबरोबर बारातेरा वर्षांचा नातू होता. आमची धडपड ते बऱ्याच वेळापासून पाहत असावेत. शेवटीं त्यांनींच विचारलें,

“मास्तर, दगडाचेच काढता का मान्साचाबी काढता?”

मास्तर म्हणून त्यांनीं आम्हांस कसें ओळखलें, हें कोडेंच आहे. कदाचित् तोंडावर लिहिलेलें असेल. आम्ही त्यांस स्तंभाच्या पायथ्याशीं बसविलें. त्यांनीं पटका सारखा केला, काठी गुडघ्यांवर आडवी धरली, आणि लेन्सकडे अशा नजरेनें पाहिलें कीं जणूं समोर कॅमेरा नसून कोणी मनुष्यच आहे. अकरावा फोटो त्यांचा झाला.

“काढला का?”

“काढला, बाबा.”

“दावा मंग.”

आम्हीं कॅमेरा फिरवून पाठ दाखविली. ती काळी ठिक्कर.

“ह्येच्यात तर कायीच नाही.”

“आत आहे, बाबा. घरी जाऊन धुवावा लागतो.”

नातू हंसला. “आज्या, म्या काढतो मोबाईलवर, आत्ता दावतो.”

“तुह्या मोबाईलात धा येळा काढला,” बाबा म्हणाले. “मास्तरांचा येगळा हाय. धुवून मिळनार हाय.” मग आमच्याकडे वळून, “कव्हा मिळंल?”

“पुढच्या आठवड्यात आणून देतो,” असें आम्ही म्हणालों, आणि दुपारच्या गाडीनें घरीं आलों.

आमचें घर जुन्या माळवदाचें. मागच्या बाजूस अलीकडे बांधलेल्या दोन खोल्या व त्यांवर गच्ची. जुन्या भागांत धान्य ठेवण्याची एक कोठीची खोली आहे. जाड मातीच्या भिंती, खिडकी नाहीं, आणि दाराला आंतून गोधडी लावली कीं दिवसां दुपारीं डोळ्यांत बोट घातलें तरी दिसूं नये असा काळोख. आमची अंधारी खोली ती हीच. रोल कॅमेऱ्यांतून काढून धुण्याच्या डब्यांतील चक्रीवर चढविणें हें काम पूर्ण काळोखांतच करावें लागतें. हल्लींच्या फिल्मला लाल उजेडहि खपत नाहीं. वैशाखांत हें काम करतांना कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येतो, तो फिल्मवर पडूं नये म्हणून मान मागें घ्यावी लागते, बोटें ओलीं झालीं कीं फिल्म चक्रींत अडकते, आणि बाहेरून कोणी हांक मारली तर दार उघडतां येत नाहीं. आमच्याकडे उजेड फुकट मिळतो; काळोख मात्र असा कमवावा लागतो.

धुण्याचें औषध आम्ही घरींच बनवितों. ‘डी-७६’ या नांवानें गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून चालत आलेली ही कृति आहे: एक लिटर पाण्यास २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम टांकणखार. हें औषध २० अंशांवर वापरावें असें पुस्तक सांगतें. बाहेर पारा ४२ वर; म्हणून आम्हीं बाजारांतून बर्फ आणला, औषधाचें भांडें त्यांत ठेवलें, आणि थर्मामीटर २० वर येतांच मोठ्या समाधानानें फिल्मवर औषध ओतलें. नंतर हायपो. न उमटलेलें चांदीचें लवण विरघळविण्याचा हायपोचा गुण जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालींच, म्हणजे फोटोग्राफीचा जन्म जगापुढें येण्याच्या वीस वर्षें आधीं, ओळखला होता. येथपर्यंत सारें यथासांग झालें. डब्याचें झांकण उघडून आम्हीं ओली फिल्म दाराच्या फटींतील उजेडाकडे धरली. बाराहि चौकटी होत्या. अकरावींत बाबांचा पटका काळा आणि चेहरा पांढरा दिसत होता. निगेटिव्हमध्यें सर्वच उलटें असतें. आतां फक्त स्वच्छ पाण्यानें धुवून वाळत घालणें राहिलें होतें. आम्हीं डबा न्हाणीघरांतील नळाखालीं ठेवला, नळ बारीक सोडला, आणि चहा घेण्यास गेलों.

त्या नळाचें पाणी गच्चीवरच्या काळ्या टांकींतून येत होतें, आणि वेळ दुपारीं दोनची होती.

परत येऊन पाहतों तों डब्यांतल्या पाण्यावर काळसर साय तरंगत होती. फिल्म उचलली तर ती स्वच्छ, पारदर्शक, नव्या कांचेसारखी. कडेला कोठें कोठें सुरकुतलेला पापुद्रा लोंबत होता. देवळें, बारव, स्तंभ, बाबा, सर्व मोरींतून वाहून गेलें होतें.

झालें तें असें. फिल्मवर चांदीचे कण जिलेटिनच्या पातळ थरांत बसविलेले असतात. हा थर पाण्यांत फुगतो. पाणी गरम असेल तर मऊ होतो. आणि थंड पाण्यांतून एकदम गरम पाण्यांत गेला तर सुरकुततो किंवा अंगावरची खपली निघावी तसा सुटून येतो. आम्हीं २० अंशांवर त्याचे लाड केले आणि मग ४० अंशांच्या पाण्याखालीं त्यास टाकून निघून गेलों. दोष औषधाचा नव्हता, फिल्मचा नव्हता, उन्हाळ्याचाहि नव्हता. शेवटच्या पायरीवर काम संपलें असें मानण्याचा होता, आणि तो सर्वस्वीं आमचा होता.

आठवडा गेला, महिना गेला. आम्ही चारठाण्यास गेलों नाहीं. जाऊन काय सांगणार? दगडांचे फोटो गेले त्याचें दुःख आम्हांस फारसें झालें नाहीं. दगड तेथेंच होते. पण त्या म्हाताऱ्यांनीं आपली मुद्रा आमच्या स्वाधीन केली होती, आणि नातवाच्या मोबाईलपेक्षां आमच्या काळ्या डब्यावर अधिक विश्वास ठेवला होता. त्या वर्षांत जालन्यास जाण्याचे तीन प्रसंग आले. तीनहि वेळां चारठाणा आलें कीं आम्ही गाडीच्या दुसऱ्या बाजूस पाहत बसलों.

मनाची समजूत घालण्यासाठीं आम्ही पुस्तकें चाळूं लागलों. त्यांत कळलें कीं हें दुःख आमचें एकट्याचें नाहीं. उष्ण देशांत फिल्म कशी धुवावी याचें एक स्वतंत्र प्रकरणच फोटोग्राफीच्या जुन्या ग्रंथांतून असे. जिलेटिन फुगूं नये म्हणून औषधांत सोडियम सल्फेट घालावें, थर घट्ट व्हावा म्हणून क्रोम तुरटी वापरावी, असे उपाय त्यांत दिलेले आहेत. आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे १९०५ सालीं वारले. त्यांचें सारें काम कांचेच्या जड प्लेटांवरचें, आणि तें याच दख्खनच्या उन्हांत केलेलें. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला, तेव्हां फिल्मला छिद्रें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचीं कामें त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरीं करीत होत्या, आणि तीं करून सर्व मंडळींचा स्वयंपाकहि करीत होत्या. हीं माणसें न विजेच्या पंख्याखालीं बसलेलीं, न बर्फाच्या कारखान्याशेजारीं. मग त्यांना जें साधलें तें आम्हांस कां साधूं नये?

याचें उत्तर ग्रंथांत सांपडलें नाहीं. तें घरांतच होतें. पुढच्या चैत्रांत आम्ही पुन्हां बर्फाची गोष्ट काढली तेव्हां आमच्या आई म्हणाल्या, “अरे, आधी एवढं गार करायचं आणि मग भाजायचं, हे कशाला? सगळंच पाणी माठातलं घे की. औषधाला तेच, धुवायला तेच.”

आम्ही थर्मामीटर घेऊन माठाकडे गेलों. ओसरीवर झळा येत होत्या, आणि माठांतलें पाणी २४ अंशांवर होतें. माठाच्या अंगांतून पाझरणारें पाणी वाऱ्यानें उडून जातें आणि जातांना आंतली उष्णता घेऊन जातें. वारा जितका कोरडा तितका माठ गार. म्हणूनच वैशाखांत माठ थंड असतो आणि आषाढांत दमट हवेंत तोच माठ कोमट राहतो. ज्या झळांना आम्ही वर्षभर दोष देत होतों, त्याच झळा ओसरीवर बसून आमच्यासाठीं पाणी गार करीत होत्या. फिल्मला बर्फाची गरज नव्हती. आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखी वागणूक, एवढेंच तिचें मागणें होतें. औषध चार अंश अधिक गरम असलें तर वेळ सुमारें तिसऱ्या हिश्शानें कमी करावा लागतो. तेवढा हिशेब केला कीं झालें. आम्हीं दोन जादा माठ आणले, आणि रात्रीं नऊनंतर, नळाला हात न लावतां, येलदरीचा एक रोल धुतला. बाराहि फोटो दोरीवर वाळत राहिले.

आतां चारठाण्यास न जाण्यास सबब उरली नव्हती.

बाबा देवळाच्या सांवलींत बसलेले सांपडले. त्यांनीं आम्हांस लगेच ओळखलें, आणि त्यामुळें बोलणें अधिकच कठीण झालें.

“बाबा, तो फोटो आला नाही,” आम्ही म्हणालों. “धुताना खराब झाला. चूक आमची होती.”

“माझाच गेला का समदेच?”

“सगळेच गेले. बाराही.”

“कशानं?”

“पाण्यानं.”

बाबा मोठ्यानें हंसले. “आमचंबी पान्यानंच जातं, मास्तर. कव्हा नसल्यानं, कव्हा लै झाल्यानं.” मग जरा थांबून म्हणाले, “पर तुमी सालभर आले नाहीत ते?”

“लाज वाटली.”

“पीक गेलं म्हून मान्सानं रानात जायाचं सोडावं का? दुबार पेरा की.”

इतकें बोलून ते उठले, काठी टेंकीत स्तंभापर्यंत गेले, आणि गेल्या वर्षीं बसले होते त्याच जागीं बसले. पटका सारखा केला. काठी गुडघ्यांवर आडवी धरली. या एका वर्षांत त्यांचे गाल बरेच आंत गेले होते, तें आम्हांस लेन्समधून दिसलें. आम्हीं दोन फोटो काढले. या वेळीं त्यांनीं कॅमेऱ्याची पाठ पाहण्यास मागितली नाहीं.

त्या रात्रीं कोठीच्या खोलींत आम्ही जितक्या सावधपणानें वागलों तितक्या सावधपणानें कोणत्याहि परीक्षेंत वागलों नसूं. चौथ्या दिवशीं प्रिंट घेऊन चारठाण्यास गेलों. बाबांनीं तो दोन्ही हातांनीं धरला, लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला, आणि कांहीं न बोलतां घरांत नेऊन ठेवला. आम्हांस चहा मिळाला. यापेक्षां अधिक कांहीं झालें नाहीं, आणि होण्याची गरजहि नव्हती.

मोबाईलची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमच्या खिशांतहि तो आहे, आणि आईंचे हंसतांनाचे जे फोटो त्यानें काढले आहेत ते आमच्या जुन्या कॅमेऱ्यास कधीं साधले नसते. त्यानें काढलेलें चित्र तत्काळ दोघांनाहि दिसतें, आणि देणेंघेणें जागच्या जागीं मिटतें. फिल्मचें तसें नाहीं. कळ दाबल्यापासून प्रिंट हातीं देईपर्यंत समोरच्या माणसाची एक वस्तु आमच्याजवळ ठेव म्हणून राहते; ती आम्हांसहि दिसत नाहीं, त्यासहि दिसत नाहीं, आणि तरी ती असते. या मधल्या दिवसांत आपण कसे वागतों, यावर तिचें बरेंवाईट ठरतें. आमच्या छंदानें आम्हांस कांहीं शिकविलें असेल तर एवढेंच. आणि तें शिकण्यासाठीं एका म्हाताऱ्या माणसाला वर्षभर वाट पाहावी लागली, हें आम्ही विसरूं इच्छीत नाहीं.

त्यानंतर दोन वर्षांनीं, आषाढांत, एक तरुण मुलगा आमच्या दारीं आला. प्रथम ओळख पटली नाहीं. मिसरूड फुटली होती. आजोबा चैत्रांत गेले असें त्यानें सांगितलें. घरांतला फोटो भिंतीच्या ओलीनें डागाळला होता. तसाच, पण मोठा करून हवा होता.

“मोबाईलमध्ये त्यांचे लै फोटो आहेत, सर,” तो म्हणाला. “चांगले आहेत. पर आज्यानं सांगून ठेवलं होतं, मास्तरांचा लावा म्हणून.”

आम्हीं त्यास थांबवून घेतलें. निगेटिव्ह पेटींत, कागदाच्या पाकिटांत सुरक्षित होती. संध्याकाळीं वीज आल्यावर त्यास घेऊनच आम्ही अंधाऱ्या खोलींत गेलों. प्रिंटच्या कागदाला लाल उजेड चालतो, त्यामुळें त्यास सर्व पाहतां येणार होतें. एन्लार्जरखालीं कागदावर प्रकाश पाडला, दिवा मालवला, आणि कागद औषधाच्या तबकांत सोडला. तो कोराच होता. मुलानें आमच्याकडे पाहिलें.

“थांब,” आम्ही म्हणालों.

पंधरावीस सेकंद गेले. प्रथम स्तंभाच्या नक्षींतील खांचा काळ्या झाल्या. मग पटक्याच्या घड्यांमधल्या सांवल्या, काठीची एक बाजू, डोळ्यांच्या खोबण्या. चेहऱ्याचा उजळ भाग अजून कागदासारखा पांढराच होता. पण त्या खोबण्यांतून ती नजर वर आली, समोर मनुष्य आहे अशा खात्रीनें पाहणारी.

“आले,” मुलगा हळूच म्हणाला.

आम्हीं तबक हालवीत राहिलों. प्रिंट पुरा उमटला, हायपोंत गेला, आणि मग आम्हीं तो माठाच्या पाण्यानें धुतला. आषाढ असल्यामुळें माठ गार नव्हता. नळाचें पाणीहि आतां तापलेलें नव्हतें, आणि कागदाला फिल्मइतके नखरेहि नसतात. तरी हात माठाकडेच गेला. दमट हवेंत प्रिंट वाळण्यास रात्र लागली, म्हणून मुलगा आमच्याकडेच राहिला. सकाळीं तो प्रिंट वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत बांधून, पावसानें भिजूं नये म्हणून शर्टाच्या आंत घालून, तो पहिल्या गाडीनें गेला.

बाबांच्या दोन निगेटिव्ह आमच्या पेटींत आहेत. त्यांच्याच खालीं दुसऱ्या एका पाकिटांत त्या पहिल्या वर्षींची धुवून गेलेली फिल्मही आम्हीं जपून ठेवली आहे. ती उजेडाकडे धरली तर आरपार दिसतें. तिच्यावर कांहीं नाहीं. वैशाख आला, पहिला रोल धुवावयाचा झाला कीं आम्ही ती एकदां बाहेर काढतों, आणि मग माठ भरावयास जातों.